पिवळ्या फेट्यातला तो कोण?

साधारण १९८५ ते २००० या काळात नगर जिल्ह्यात ज्यांची लग्नं लागली, त्यांच्या घरी एक काळी व्हिडिओ कॅसेट असतेच. ती नेमकी कुठं आहे हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. दिवाणात असेल, लोखंडी कपाटाच्या तळाच्या कप्प्यात असेल, नाहीतर माळ्यावर रुखवताच्या भांड्यांमागं साडीच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळलेली असेल. दर दिवाळीला पुण्याहून आलेला घरातला इंजिनिअर जाहीर करतो, की यंदा ही कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायचीच. त्याला कुणी विरोध करत नाही. भाऊबीज उरकली की तो चकल्यांचे डबे घेऊन जातो आणि कॅसेट जागच्या जागी राहते. इतक्या एकमतानं इतकं रखडलेलं दुसरं काम शोधायचं तर नगर-मनमाड रस्त्याकडंच बोट दाखवावं लागेल. गंमत अशी की हे काम करायला हवं याचं कारण सगळे एकच सांगतात: 'फीत खराब होईल हो!' माझं म्हणणं असं, की हे कारणच चुकीचं आहे आणि म्हणून काम रखडतं. या सगळ्या प्रकरणात फीत सर्वांत शेवटी मरते. तिच्या आधी तिला फिरवणारं यंत्र जातं, आणि त्याच सुमारास कॅसेटमधल्या माणसांना नावानिशी ओळखणारी माणसं जातात. ज्याला आपण तांत्रिक काम समजून घरातल्या सर्वांत तरुण माणसावर ढकलतो, ते खरं तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचं काम आहे.

आधी फितीचंच बघू. तीन तासांच्या ई-१८० कॅसेटमध्ये अर्धा इंच रुंदीची सुमारे २५८ मीटर, म्हणजे साडेआठशे फुटांच्या आसपास फीत असते. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात सुमारे २०० फूट लांबीची जन्मकुंडली आहे, तिचं आपल्याला केवढं कौतुक! घरोघरी त्याच्या चौपट लांबीची लग्नाची गुंडाळी पडून आहे, तिचं कुणाला काही नाही. अर्थात कुंडली उलगडली की वाचता येते. फीत उलगडली तर नुसता काळपट पट्टा दिसतो आणि परत आत जाताना तो घडी विसरलेल्या पैठणीसारखा वागतो. पण वस्तू चिवट. तिचं खरं वैर ओलाव्याशी. दमट जागी फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरते, आणि तशी कॅसेट यंत्रात घातली तर बुरशी यंत्रालाही लागते. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, घाटघर-रतनवाडीच्या पावसात ठेवलेल्या कॅसेटी म्हणून जपूनच उघडाव्यात. जिल्ह्याचा बाकी बराच भाग मात्र पर्जन्यछायेतला. पाथर्डी, कर्जत, जामखेडकडं पावसानं शेतकऱ्याचं जे केलं ते केलं, कॅसेटींचं भलं केलं. राहता राहिली धूळ. ती यंत्राच्या हेडवर बसते आणि पडद्यावर मुंग्या दिसतात. त्यावर स्पिरिट आणि करकरीत कागदाची पट्टी हा जुना उपाय आजही लागू पडतो. शिवाय आपल्याकडं कॅसेटी नैसर्गिक मरणानं कमी गेल्या, घातपातानं जास्त गेल्या. व्हीएचएस कॅसेटच्या पाठीला एक बारका प्लॅस्टिकचा तुकडा असतो. तो मोडला की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. स्टुडिओवाला तो आठवणीनं मोडून द्यायचा. मग रविवारी सकाळी 'महाभारत' लागायच्या वेळी घरात कोरी कॅसेट नसली, की कुणीतरी त्या खाचेवर चिकटपट्टी लावायचं. अशा कॅसेटींत सप्तपदीच्या चौथ्या पावलानंतर एकदम कुरुक्षेत्र सुरू होतं. काही संसारांच्या बाबतीत हे संकलन अगदीच चुकीचं म्हणता येत नाही.

यंत्राची गोष्ट याहून वाईट. जपानच्या जेव्हीसी कंपनीनं १९७६ मध्ये व्हीएचएस आणलं आणि चाळीस वर्षांनी, जुलै २०१६ मध्ये, फुनाई या शेवटच्या कंपनीनं व्हीसीआर बनवणं थांबवलं. सुटे भागच मिळेनात, असं तिचं म्हणणं होतं. २०१९ मध्ये युनेस्कोच्या एका उपक्रमानं जगभरच्या संग्रहालयांना इशारा दिला, की चुंबकीय फिती वाजवणारी यंत्रं २०२५ च्या सुमारास सहज मिळेनाशी होतील. म्हणजे मुदत टळून गेली. आता घरचा व्हीसीआर तपासावा तर त्याचा रबरी पट्टा सैल झालेला, कॅसेट आत जाते ती बाहेर यायला तयार नसते, आणि दुरुस्त करणाऱ्यानं दुकानात मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. पुष्कळ घरांत तर व्हीसीआर कधी नव्हताच. गणपतीत किंवा जावळाच्या रात्री रंगीत टीव्ही, व्हीसीपी आणि तीन सिनेमे भाड्यानं आणायचे, पहाटेपर्यंत तिन्ही उरकायचे आणि मधे उरलेल्या वेळात लग्नाची कॅसेट लावायची, अशी रीत होती. त्यामुळं आपल्या लग्नाची कॅसेट जन्मात दोनदाच पाहिलेली जोडपी पुष्कळ निघतील, आणि त्यातल्या दुसऱ्या खेपेला अर्धा गाव झोपलेला होता. नगरला १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे तिथं रंगरंगोटी करून झकास उभे आहेत. पण त्या संग्रहालयाच्या उद्घाटनाच्या वर्षी झालेल्या लग्नाची कॅसेट लावायची म्हटलं, तर चालू व्हीसीआरसाठी गंज बाजार ते सावेडी पायपीट करावी लागते. रणगाडा जपणारं कुणी तरी असतं. व्हीसीपी भंगारवाल्याला देऊन आपण लसूण घेतलेला असतो.

समजा यंत्र मिळालं. पुढचं काम कागदावर अगदी सोपं आहे. व्हीसीआरच्या पाठीमागून पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन पिना निघतात. पिवळी चित्राची, बाकीच्या दोन आवाजाच्या. त्या एका बोटभर कॅप्चरच्या डबीत जातात आणि डबी यूएसबीत. मग कॉम्प्युटरवर बटण दाबायचं आणि थांबायचं. प्रत्यक्षात पहिली अडचण अशी, की बऱ्याच डब्यांना जुन्या फितीचा थरथरता सिग्नल बघून वाटतं, हा चोरून उतरवलेला परदेशी सिनेमा आहे. पूर्वी विकतच्या सिनेमांच्या कॅसेटीत कॉपी होऊ नये म्हणून सिग्नल मुद्दाम बिघडवलेला असे. आपल्या कॅसेटीत तो वयानं बिघडलेला असतो. डबीला यातला फरक कळत नाही, आणि शेवगावच्या मंडपातल्या हळदीला ती स्वामित्वहक्काचं कारण सांगून अडवते. दुसरी अडचण अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या कॅसेटींची. त्यांची पद्धत एनटीएससी, आपली पाल, आणि आपल्या जुन्या यंत्रात त्यांचा नायगारा काळापांढरा होऊन वरून खाली येण्याऐवजी खालून वर जातो. हँडीकॅमच्या छोट्या कॅसेटींना तर तोच कॅमेरा लागतो, ज्याची बॅटरी फुगून पंधरा वर्षं झाली. १९९५ नंतरच्या मिनीडीव्हीत चित्र मुळातच अंकांत असतं, ते फायरवायर नावाच्या केबलमधून जसंच्या तसं उतरतं. फक्त नव्या लॅपटॉपांना त्या केबलसाठी भोकच नसतं. हे सगळं निस्तरता येतं. निस्तरता येत नाही ती एकच गोष्ट: तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात. सगळं चार सेकंदांत डाउनलोड करायची सवय लागलेल्या इंजिनिअरचा धीर इथं सुटतो, आणि तो ती कॅसेट परत पिशवीत घालतो.

माझ्या मते या सगळ्या उपद्व्यापातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे हे तीन तास. लग्नाचे तीन तास पळवता येत नाहीत, म्हणून कुणीतरी यंत्रासमोर बसायलाच हवं. आणि बसायचंच आहे तर आजीनं बसावं. का, ते सांगतो. त्र्यंबकेश्वरला गेलं की तीर्थोपाध्याय वही काढतात आणि गावाचं नाव सांगितलं की आडनाव, पणजोबा, खापरपणजोबा धडाधड वाचून दाखवतात. त्या वहीत पिढ्यान्‌पिढ्यांची नावं आहेत, चेहरा एकाचाही नाही. कॅसेटीत तीनशे चेहरे आहेत आणि नाव दोघांचंच, तेही सुरुवातीला फिरत्या बदामात. वधूवरांना ओळखायला कॅसेट लागत नाही. ती दोघं स्वयंपाकघरात भांडत असतात. प्रश्न उरतो बाकीच्या दोनशे अठ्ठ्याण्णव जणांचा. अंतरपाटाच्या डावीकडं पिवळा फेटा घालून उभा राहिलेला, अक्षता टाकायचं सोडून सारखा घड्याळात बघणारा तो गृहस्थ कोण? मुलगा म्हणतो, आईकडचं कुणीतरी. आई म्हणते, ह्यांच्याकडचं. हे म्हणतात, केटरिंगवाला असेल. आजी चष्मा पुसते आणि म्हणते, "थांब, मागं घे जरा. अरे, हा सोनईचा. तुझ्या चुलत आज्याचा साडू. ह्याला घोडेगावच्या बाजारात बैल बघायला जायचं होतं, म्हणून घाई लागली होती. बैल काही मिळाला नाही, अन्‌ जेवणही हुकलं." ही माहिती फितीच्या साडेआठशे फुटांत कुठंही नाही. ती आजीसोबत आहे आणि आजीसोबतच जाणार. आजीचं वय पंचाऐंशी. फीत अजून वीस वर्षं तग धरेल.

आता कुणी म्हणेल, कॅसेटला आवाज असतो, त्यात नावं ऐकू येतीलच की. यायला हवी होती. आपल्या लग्नांत आहेर माइकवरून पुकारला जायचा: अमुक गावचे तमुक, त्यांच्याकडून वराला पोशाख आणि एकशे एक रुपये. एवढी पद्धतशीर नोंद, नाव, गाव आणि रक्कम यांसह, अनेक सरकारी दप्तरांत सापडायची नाही. खांद्यावर पॅनासोनिकचा एम-३००० किंवा एम-९००० घेऊन उभा असलेला शूटिंगवाला ती सगळी टिपतही होता. घात केला तो मिक्सिंगनं. लग्नानंतर पंधरा दिवस स्टुडिओत कॅसेट 'मिक्सिंगला' जायची. तिथं मूळचा आवाज पुसून त्यावर सिनेमाची गाणी चढवली जायची. वरातीला एक, मुंडावळ्या बांधताना एक, आणि पाठवणीला 'नीलकमल'मधलं रफींचं ते गाणं ठरलेलं. १९६८ च्या त्या सिनेमानं महाराष्ट्रातल्या किती सासुरवाशिणींचं स्वतःचं रडणं कायमचं मुकं केलं, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. आहेराच्या वेळी सनई. परिणामी पडद्यावर एक गृहस्थ माइकमध्ये तोंड उघडमीट करतो, ओठांवरून आकडा कळतो, नाव कळत नाही. म्हणून कुणाकडं मिक्सिंगच्या आधीची मूळ कॅसेट उरली असेल, तर चार रंगीत बदाम आणि फिरते मोर गमावूनही तीच उतरवावी. तीत शूटिंगवाल्याचा स्वतःचा आवाजही असतो: "मामा, जरा सरका. ताई, हात हलवा. अहो, नुसत्या बघू नका, जेवा." यात विनोद असा, की नगर जिल्ह्यात नावांची जराही कमतरता नसलेल्या कॅसेटीही भरपूर आहेत. त्या साखर कारखान्यांच्या. बॉयलरचं अग्निप्रदीपन, मोळीपूजन, वार्षिक सभा. प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून या जिल्ह्यानं साखर जितकी काढली तितकीच व्यासपीठावरील मान्यवरांची नावं काढली. तिथं प्रत्येक नाव स्वागताला एकदा, सत्काराला एकदा आणि आभाराला एकदा, असं हुद्द्यासकट तीनदा ऐकू येतं. कॅसेट कशी नामनिर्देशित असावी याचा हा आदर्श नमुना, आणि ती बघायला कुणी तयार नाही.

यावर पहिला आक्षेप दुकानाचा. काही शे रुपयांत दुकानदार कॅसेट घेतो, चार दिवसांनी पेनड्राइव्ह देतो. आजीला तीन तास बसवायची गरज काय? दुकानाला माझा विरोध नाही. बुरशी लागलेली, तुटलेली किंवा हँडीकॅमची कॅसेट असेल तर दुकानातच द्यावी, कारण फीत चिकटवणं हे घरच्या सेलोटेपचं काम नव्हे. पण दुकानात काय होतं ते समजून घ्यावं. तिथं कॅसेट लावतात आणि माणूस चहाला जातो. हे त्याचं चुकत नाही. अनोळखी माणसांच्या अक्षता बघत दिवसाला तीन लग्नं कोण काढील? चित्र येतं, आवाज येतो, आणि कुणी कुणाला ओळखत नाही ही परिस्थिती कॅसेटीतून पेनड्राइव्हवर सुखरूप पोचते. दुकानातून आणलेली फाइल घरी आजीपुढं लावा, तेच झालं, असंही कुणी म्हणेल. म्हणायला ठीक. पण फाइलला पुढं ढकलायची पट्टी असते, आणि ती पट्टी ज्याच्या हातात असते त्याचं वय बावीस असतं. आजीनं 'थांब' म्हणेपर्यंत पंगत संपून पाठवणी आलेली असते. व्हीसीआरला तसं पळवता येत नाही. पळवलं तर चित्रात पट्टे येतात आणि यंत्र कुरकुरतं. म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीचा आणि त्या यंत्राचा वेग योगायोगानं सारखा आहे.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी: तीन तास कोण बघतं हो? कापून दहा मिनिटांची करा, व्हॉट्सअ‍ॅपवर जाईल अशी. हा आक्षेप घेणाऱ्याच्या हाती कात्री दिली तर तो काय ठेवील, हे आधीच सांगता येतं. मंगलाष्टकं, हार घालणं, मंगळसूत्र, एकमेकांना घास भरवणं. म्हणजे जे सगळ्या लग्नांत एकसारखं असतं तेवढं. वधूवरांची तोंडं बदलली तर ही दहा मिनिटं राहुरीच्या कुणाच्याही लग्नाची म्हणून खपतील. आणि तो कापील काय? पंगत. शूटिंगवाल्यानं हजार वॅटचा दिवा तोंडावर मारत पंगतीतून हळूहळू नेलेला तो कॅमेरा, ज्यात प्रत्येक माणूस आधी दचकतो, मग घास तोंडातल्या तोंडात थांबवतो, मग कॅमेरा पुढं गेला का ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतो. लग्नातला प्रत्येक पाहुणा एकदा तरी समोरून दिसतो, तो इथंच. मागं शाळेची भिंत दिसते, तिच्यावर कुटुंबनियोजनाचा त्रिकोण. बसायला सतरंज्यांच्या पट्ट्या, पत्रावळीवर लापशी, वाढप्यांच्या हातात पितळी बादल्या, कोपऱ्यात राजदूत मोटारसायकल आणि तिच्यावर चढलेली चार पोरं, त्यातलं एक आता सरपंच. सिनेमावाले हा धडा फार महागात शिकलेत. भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ चा. आज त्याची एकही प्रत नाही, तो काळाच्या ओघात हरवला. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं १९६४ मध्ये, म्हणजे तेहतीस वर्षांनी. बीबीसीसारख्या संस्थेनं फिती पुन्हा वापरायच्या म्हणून आपल्याच लोकप्रिय मालिकांचे भाग पुसून टाकले, आणि नंतर जगभर त्यांच्या प्रती शोधत बसली. काय टाकाऊ आणि काय टिकाऊ हे त्या त्या वेळच्या शहाण्या लोकांनाही ठरवता आलेलं नाही. तीन तासांची फाइल एमपीफोरमध्ये काही जीबींत मावते. तेवढी जागा मोबाइलमध्ये 'सुप्रभात'च्या फुलांनी कधीच खाल्लेली आहे.

तिसरा आक्षेप नव्या पिढीचा, आणि तो ऐकताना आवाजात थोडी दया असते: हल्ली एआय चेहरे ओळखतं, फोटो आपोआप वेगळे करतं. करतं, हे खरं. एकच चेहरा दहा ठिकाणी असला तर तो गोळा करून 'हे कोण?' असा प्रश्न मात्र ते आपल्यालाच विचारतं. म्हणजे फिरून आजीकडंच यायचं. शिवाय व्हीएचएसच्या चित्रात मुळात आडवा तपशील फार तुटपुंजा, सुमारे २४० रेषांचा. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या माणसाच्या वाट्याला येतात नाकाचे दोन ठिपके आणि मिशीची एक रेघ. असं चित्र 'स्पष्ट' करायला एआयला दिलं, की ते नसलेला तपशील आपल्या मनानं भरतं. चुलत्याला गुळगुळीत गाल येतात, डोळे पाणीदार होतात, आणि पारनेरच्या उन्हात साठ वर्षं काढलेला माणूस साबणाच्या जाहिरातीतून आल्यासारखा दिसू लागतो. मग आजीही त्याला ओळखत नाही. मूळची मुंग्यांची फाइल एकदा जशीच्या तशी ठेवावी, आणि मग हौस असेल तर दुसऱ्या प्रतीत हव्या तितक्या चुलत्यांना तारुण्य द्यावं.

चौथा आक्षेप कुणी उघड घेत नाही, पण अनेक कॅसेटी माळ्यावरून खाली न येण्याचं खरं कारण तोच असावा. भाऊबंदकी. कॅसेटीत ज्या दोन भावांनी एकमेकांना मिठ्या मारून नाच केलाय, त्यांच्यात पुढं बांधावरून दावा लागला आणि आता ते एकमेकांच्या दहाव्यालाही जात नाहीत. शिवाय ती वस्तू पुरावा म्हणून फार धोक्याची. आईचा पुतळ्यांचा हार नेमका कुणाच्या गळ्यात गेला, यावर वीस वर्षं चाललेला वाद फीत दीड मिनिटात मिटवू शकते, आणि मिटवला तर बोलायला काय उरणार? ही अडचण मी हसण्यावारी नेत नाही. पण तीही माझ्याच बाजूची आहे. भांडण लागलेल्या घरांत नावं लवकर बुडतात, कारण मोठी माणसं त्या बाजूचं नाव काढायचं सोडतात, आणि मुलांना सख्खा काका पडद्यावर दिसूनही ओळखू येत नाही. आजीला हारासंबंधी मौन पाळायला सांगता येईल. ती पाळील असं नाही.

मग करायचं काय, तर फारसं काही नाही. कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढं नेऊन परत मागं आणावी, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच जागी चिकटून बसलेली फीत मोकळी होते. व्हीसीआर आणि कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर घ्यावेत. सप्तपदीच्या मध्ये वीज गेली तर पुन्हा गणपतीपासून सुरुवात. आजीशेजारी मोबाइल आवाज रेकॉर्ड करत ठेवावा आणि तिला मुळीच सांगू नये की हे रेकॉर्ड होतंय, असं मी म्हणणार होतो, पण सांगितलेलं बरं. सांगितल्यावर ती पहिली पाच मिनिटं पुस्तकी बोलते आणि मग विसरते. तिच्या बोलण्यात विषयांतर फार होईल. कोण कुणाची कोण यापेक्षा कुणी बोअर घेतली आणि पाणी लागलं नाही, हेच जास्त येईल. येऊ द्यावं.

राहता राहिली तारीख. हँडीकॅमच्या चित्रात कोपऱ्यात तारीख उमटलेली असते, पण घड्याळ कुणी लावलेलंच नसल्यानं पुष्कळ घरांतल्या मुंजी, बारशी आणि साखरपुडे कॅमेऱ्याच्या जन्मवर्षीच्या १ जानेवारीला रात्री बारा वाजता पार पडलेले दिसतात. घरच्यांना विचारावं तर तेही आकडा सांगत नाहीत. 'गणपती दूध प्यायले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात' म्हणजे १९९५ चा उन्हाळा, हे आपलं आपण काढायचं, कारण गणपती दूध प्यायले ते २१ सप्टेंबर १९९५ ला. 'किल्लारीच्या भूकंपानंतरची पहिली तिथी' म्हटलं की १९९३ चा सप्टेंबर उलटलेला. कॅसेटच्या लेबलावर जिल्हा अहमदनगर असतो आणि नातू फोल्डरला अहिल्यानगर नाव देतो, तेव्हा पुढं शोधणाऱ्यानं दोन्ही नावांनी शोधावं. या सगळ्या गोंधळावर उतारा घरातच असतो, बहुधा त्याच पिशवीत: लग्नपत्रिका. तिचा मोबाइलवर नीट फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाकावा. मिती, शके, इंग्रजी तारीख, गोरज मुहूर्त, विवाहस्थळ, सगळं छापील. खाली निमंत्रक, त्याखाली व्यवस्थापक, त्याखाली चिमुकल्यांची किलबिल, आणि उजव्या कोपऱ्यात विविध कार्यकारी सोसायटीच्या व्हाइस चेअरमनपर्यंत सगळ्यांची हुद्द्यासकट यादी. आजीनं ज्यांना ओळखलं नाही त्यांची नावं या यादीत शोधावीत. पिवळ्या फेट्यातल्या त्या सोनईच्या साडूचं नाव मात्र तीत सापडायचं नाही. पत्रिकेत नाव राहिलं म्हणूनच तो घड्याळात बघत होता, बैलाचं कारण नुसतं सांगायला होतं, असं आजीच्या धाकट्या जावेचं म्हणणं आहे. तेव्हा तिलाही एकदा बसवावं लागेल.